अठरा मिनिटांचं स्ट्रेचिंग आणि दीड सेंटिमीटर उडी

पार्श्वभूमी

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. इथे सांगतो ते त्या संघाच्या एका मोसमातलं, जून ते चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीपर्यंतचं. शाळेचं आणि मुलींचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मुलींना त्यांच्या संघातल्या जागेवरूनच ओळखायचं.

संघात बारा जणी, नववी-दहावीच्या. शाळेचं मैदान जांभ्या मातीचं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा चिखल होतो. मग पाऊस संपेपर्यंत सराव सभागृहात, कोब्यावर. छत पत्र्याचं. सर आली की माझी शिट्टीसुद्धा मुलींना ऐकू जात नाही. अर्ध्या मुली कदंबच्या, म्हणजे सरकारी बसने येतात. त्यामुळे सकाळी पावणेसातला सुरू होणारा सराव प्रत्यक्षात सातला सुरू होतो आणि शाळेच्या घंटेला संपतो. हातात सगळी मिळून पंच्याहत्तर मिनिटं.

त्यातली वीस-बावीस मिनिटं वॉर्म-अपमध्ये जायची. सभागृहाला दोन फेऱ्या, मग गोल करून खाली बसायचं आणि स्ट्रेचिंग: पोटऱ्या, मांडीचा मागचा भाग, पुढचा भाग, जांघ, कंबर, खांदे. प्रत्येक ताण धरून तीसपर्यंत मोजायचं, मग दुसरी बाजू, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. मांडीच्या मागच्या ताणाला जोडीदारीण पाठीवरून दाबायची. हा क्रम भाईंचा. भाई म्हणजे एके काळी राज्याच्या संघातून खेळलेले, आता निवृत्त. रोज सकाळी चहा घेऊन सरावाला येतात, मानधन घेत नाहीत. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडे खेळायला शिकल्या, मीही त्यांतलाच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. भाईंचा मूळ क्रम वीसपर्यंत मोजायचा होता, तोही एकदाच. या मोसमाच्या आदल्या वर्षी एका मुलीची मांडी मागून धरली आणि दुसरीचा घोटा मुरगळला, तेव्हा तीस आकडे आणि दोन फेऱ्या मी केल्या. पालकांना काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. वॉर्म-अप वाढवणं सोपं असतं. कोणी तक्रार करत नाही.

अडचण

आदल्या मोसमातले सात सामने मी वहीत लिहून ठेवले होते. त्यातल्या पाचांत आम्ही पहिला सेट हरलो होतो, आणि त्या पाचांपैकी तिघांत दुसरा जिंकला होता. मी याला ‘मुली उशिरा जाग्या होतात’ म्हणायचो. भाई याला ‘भीती’ म्हणायचे.

जूनच्या शेवटी एके दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. बस अडकल्या, मुली साडेसातला पोचल्या. वेळ नव्हता म्हणून मी स्ट्रेचिंग गाळलं. दोरीवरच्या उड्या, चार-पाच मोकळ्या स्पाइक (उडी मारून जोरात मारलेले फटके) आणि थेट खेळ. आमची मिडल ब्लॉकर, म्हणजे जाळीच्या मध्यावर उडी मारून समोरचा फटका अडवणारी, एरवी पहिली दहा मिनिटं ब्लॉकला उशिरा पोचते आणि जाळीला हात लावते. त्या दिवशी ती पहिल्या चेंडूपासून वर होती. नंतर पाणी पिताना मी तिला सहज विचारलं. ती म्हणाली, ‘‘सर, रोज बसून उठल्यावर पांय जड जाल्यात अशें दिसता. आज बसलोच नाही ना.’’

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. पण तिचं शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

त्याच सुमारास आमची एक माजी विद्यार्थिनी सुट्टीत गावी आली होती. ती फिजिओथेरपी शिकते. तिने सांगितलं की उडीच्या आधी बराच वेळ ताण धरून ठेवला तर उडी कमी होते, हे अभ्यासक्रमात शिकवतात. कॅनडातले डेव्हिड बेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून आढावा घेतला होता. एका स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा जास्त ताण दिला तर कामगिरीत सरासरी ४.६ टक्के घट, त्याहून कमी दिला तर १.१ टक्के. हालचालीतून दिलेल्या ताणाने उलट १.३ टक्के वाढ. आम्ही तीस मोजून दोन फेऱ्या करत होतो, म्हणजे बरोबर ६० सेकंद. मुली मोजताना रेंगाळतात, म्हणजे त्याहूनही जास्तच.

कारणं दोन सांगतात. उडी मारण्याआधी आपण गुडघ्यात वाकतो, त्या क्षणी स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) रबरासारखे ताणले जातात आणि लगेच आखडताना ती साठलेली ताकद परत देतात. फार वेळ ताणून ठेवलं की हा ताठपणा थोडा ढिला पडतो. दुसरं कारण मज्जासंस्थेतलं: ताणलेल्या स्नायूला मेंदूकडून मिळणारा हुकूम काही काळ सौम्य होतो. २००० साली कॅनडातच एक टोकाचा प्रयोग झाला होता. दहा जणांच्या पोटऱ्या सुमारे अर्धा तास ताणल्या. लगेच मोजल्यावर ताकद २८ टक्के उतरली होती, तासाभरानेही ९ टक्के कमीच होती. अर्धा तास पोटरी कोणी ताणत नाही, हे खरं. पण दिशा कळते.

मोजायचं कसं

भाईंना हे सांगितलं तेव्हा ते हसले. ‘‘कॅनडातल्या पोटऱ्या आणि आमच्या पोटऱ्या एकच काय रे मास्तर? मोजून दाखव.’’ मला ते आव्हान वाटलं. आता वाटतं, त्यांनी दिलेला तो सगळ्यात चांगला सल्ला होता.

पहिल्यांदा आम्ही भिंतीवर खडूने मोजलं. उभं राहून हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी खूण, मधलं अंतर म्हणजे उडी. ही पद्धत अमेरिकेतल्या डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडली. शंभर वर्षं झाली तरी शाळाशाळांत चालते, कारण खडू आणि भिंत एवढंच लागतं. पण तिच्यात एक पळवाट आहे. उभ्याने हात वर करताना खांदा थोडा आळसावला, की खालची खूण खाली येते आणि उडी फुकटात वाढते. आमच्या दोन मुलींच्या उड्या एका दिवसात चार-पाच सेंटिमीटरने वाढल्या, तेव्हा हे लक्षात आलं. शिवाय खांद्याचं स्ट्रेचिंग झाल्यावर हात जरा वर पोचतो, म्हणजे जुन्या वॉर्म-अपनंतरची उडी विनाकारण कमी दिसणार. पहिल्या चार दिवसांचे आकडे फेकून दिले.

मग फोन. कंबरेवर हात ठेवून उडी मारायची, फोन जमिनीलगत ठेवून पायांचं चित्रीकरण करायचं. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ चित्रं मोजून काढायचा. तो सेकंदांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ९.८१ ने गुणायचं आणि ८ ने भागायचं, की मीटरमध्ये उडीची उंची येते. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. आमच्या नववीच्या मुलींनी हे गणित फळ्यावर स्वतः सोडवलं. विज्ञानाच्या बाईंनी त्या दिवशी मला चहा पाजला.

इथेही पाय घसरला. साधं चित्रीकरण सेकंदाला ३० चित्रं घेतं. एका चित्राची चूक झाली तर उंचीत जवळपास ४ सेंटिमीटरचा फरक पडतो. आम्ही शोधत होतो तो फरक एक-दीड सेंटिमीटरचा! पाण्याची बाटली कोळशाच्या तराजूवर मोजण्यासारखं झालं. एका पालकांच्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो-मोशन होतं, ते वापरल्यावर एका चित्राची चूक अर्ध्या सेंटिमीटरवर आली. हवेत गुडघे मुडपायचे नाहीत, गुडघे सरळ ठेवूनच टेकायचं, ही ताकीद रोज द्यावी लागली. गुडघे मुडपले की पाय उशिरा टेकतात आणि उडी खोटीच उंच दिसते.

मोजणी आठ मुलींची. बाकीच्या चौघींपैकी दोघींच्या पालकांनी चित्रीकरणाला नकार दिला आणि दोघी अनियमित होत्या. तीन प्रकार ठरवले. पहिला, जुना अठरा मिनिटांचा क्रम. दुसरा, धरून ठेवायचं स्ट्रेचिंग अजिबात नाही. धावणं, पाय झुलवणं, चालत लंज (मोठं पाऊल पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), गुडघे वर. तिसरा, प्रत्येक ताण फक्त १५ सेकंद, एकदाच, आणि त्यानंतर दुसऱ्या प्रकारातल्या हालचाली. चिठ्ठी काढून रोजचा प्रकार ठरायचा. प्रत्येक प्रकार तीन दिवस, दर दिवशी प्रत्येकीच्या तीन उड्या.

एक सोमवार मात्र बाद करावा लागला. श्रावण सुरू झाला होता, आठपैकी तिघींचा उपवास होता आणि एकीने तर आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. तिला उडी मारायला लावल्याबद्दल भाईंनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. बरोबरच होतं.

आकडे असे आले. जुन्या क्रमानंतर सरासरी उडी २७.९ सेंटिमीटर, ताण न धरता २९.४, छोट्या ताणानंतर २९.३. म्हणजे जुन्या आणि दुसऱ्या प्रकारात दीड सेंटिमीटर, साधारण ५ टक्के. आठपैकी सहा जणी जुन्या क्रमानंतर खाली होत्या, एकीला फरक नाही, आणि लिबेरो (फक्त बचाव करणारी खेळाडू) जुन्या क्रमानंतरच जास्त उंच उडाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक मोजणीच्या चुकीच्याही आतला, म्हणजे काहीच नाही.

मी खूश झालो. चूक इथेच झाली.

पर्याय

त्या संध्याकाळी भाई, ती फिजिओची विद्यार्थिनी आणि मी शाळेजवळच्या हॉटेलात भाजी-पाव खात बसलो. टेबलावर चार पर्याय होते.

जुनं तसंच चालू ठेवायचं. भाईंचा युक्तिवाद सरळ होता: उडी दीड सेंटिमीटरने वाढेल, पण मांडी धरली तर मुलगी महिनाभर बाहेर. हा मुद्दा हलका नाही. आदल्या वर्षी मांडी धरलेल्या मुलीची आई मला बाजारात भेटली की अजूनही पहिला प्रश्न तोच विचारते. मात्र खेळाआधीच्या स्ट्रेचिंगने दुखापती टळतात, याचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. २००२ मध्ये आलेल्या एका आढाव्यात दुखापतींचा धोका उपयोगी पडेल इतका घटलेला दिसला नव्हता. नंतर अंग दुखण्यातला फरक शंभराच्या मापावर २ हूनही कमी होता. दुसरीकडे, स्नायू धरण्याच्या दुखापती थोड्या कमी होत असाव्यात, असं २०१६ च्या आढाव्याने म्हटलं होतं. म्हणजे भाई पूर्ण चूक नव्हते.

सगळं काढून टाकायचं. माझा कल इकडे होता. आकडे हातात होते आणि पंच्याहत्तर मिनिटांतली पंधरा वाचत होती.

स्ट्रेचिंग सरावानंतर न्यायचं. लवचिकता वाढवायची असेल तर ती कधीही वाढते, उडीच्या आधीच हवी असं नाही. अडचण फक्त घंटेची. सराव संपला की मुली कपडे बदलायला पळतात.

चौथा, छोटा ताण आणि पाठोपाठ हालचाल. हा विद्यार्थिनीचा आग्रह. तिने २०१८ मधल्या एका प्रयोगाचा दाखला दिला. सांघिक खेळ खेळणाऱ्या २० पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी थोडा स्थिर ताण, जास्त स्थिर ताण, हालता ताण आणि काहीच नाही असे चार प्रकार दिले. प्रत्येकानंतर पूर्ण वॉर्म-अप होतं. उडीत आणि धावण्यात फरक निघालाच नाही. फरक निघाला तो मनात: ताण दिलेल्या दिवशी खेळाडूंना आपण चांगलं खेळू असं जास्त वाटत होतं.

मी म्हटलं, ‘‘मग ताणाचा उपयोग काय, नुसती समजूत?’’ ती म्हणाली, ‘‘सर, समजूत घेऊन मैदानात जाणारी आणि भीती घेऊन जाणारी, तुम्ही कोणाला आत पाठवाल?’’

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्ट्रेचिंग बंद.

काय केलं

आठवडाभर सगळं छान दिसलं. मिडल ब्लॉकर आणि दोन्ही आउटसाइड हिटर (जाळीच्या कडेवरून फटके मारणाऱ्या) आनंदात. मग एकेक तक्रार यायला लागली. सेटर, म्हणजे फटक्यासाठी चेंडू वर उचलून देणारी, म्हणाली, कंबर मोकळी वाटत नाही, मागे वाकून चेंडू उचलताना अडकते. ज्या मुलीची मांडी धरली होती ती रोज पाच मिनिटं आधी येऊन सभागृहाच्या मागे, सायकलींच्या शेडमध्ये, गुपचूप जुना क्रम करत होती. मला ते शिपायाकडून कळलं. लिबेरोने काही तक्रार केली नाही. फक्त डाव्या बाजूचे खालचे चेंडू ती सोडायला लागली.

लिबेरोला जाळीवर उडी मारून चेंडू मारायची किंवा ब्लॉक करायची नियमानेच मुभा नाही. तिचं काम खाली, जांघा उघडून, जमिनीलगत. तिला दीड सेंटिमीटर उडी देऊन मी तिची अर्धी बैठक काढून घेतली होती. संघ एक आहे म्हणून वॉर्म-अप एकच असावं, हे मी कधी तपासून पाहिलंच नव्हतं.

याच सुमारास विद्यार्थिनीने आणखी एक प्रश्न विचारला. जुन्या क्रमात मुली अठरा मिनिटं कोब्यावर बसून असतात. उडी ताणामुळे कमी होते की नुसतं बसल्यामुळे? मिडल ब्लॉकरने पहिल्याच दिवशी नेमकं हेच सांगितलं होतं!

म्हणून चौथा प्रकार मोजला. दोन फेऱ्या धावायचं, मग अठरा मिनिटं खाली बसून राहायचं, ताण नाही, काही नाही. मुलींनी त्या वेळात अंताक्षरी खेळली. मग उडी. सरासरी आली २८.४. तीन दिवस मोजलं, तीनही दिवस जवळपास तसंच. म्हणजे दीड सेंटिमीटरच्या तोट्यातला एक सेंटिमीटर नुसत्या बसण्याचा होता, ताणाच्या वाट्याला जेमतेम अर्धा. आठ मुली आणि अर्ध्या सेंटिमीटरची चूक करणारा फोन. त्यावरून ही वाटणी छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझा आधीचा निष्कर्ष लंगडा होता, हे नक्की झालं.

गरम स्नायू जोरात आखडतो. स्नायूचं तापमान एका अंशाने वाढलं की स्फोटक ताकद साधारण २ ते ५ टक्के वाढते, असं प्रयोग सांगतात. उतरताना तेच उलट. डेन्मार्कमधल्या फुटबॉलपटूंवर २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात मध्यंतरात नुसतं बसलेल्यांच्या मांडीचं तापमान सुमारे २ अंशांनी उतरलं आणि त्यांचा वेग घटला. मध्यंतरात हलका व्यायाम केलेल्यांचा टिकला. डेन्मार्कची थंडी आपल्याकडे नाही, हे मलाही सुचलं होतं. पण जुलैच्या सकाळी घामाने आणि पावसाने भिजलेला शर्ट घालून कोब्यावर पंख्याखाली बसून पाहा.

अखेर भाईंच्या घरी जाऊन सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवले, माझ्या चुकांसकट. त्यांनी वही बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ताण वाईट नव्हता. मुलींना बसवून ठेवणं वाईट होतं. आणि तीस तू केलेस, मी नव्हे.’’

नवा क्रम आम्ही दोघांनी बसून लिहिला. चार मिनिटं धावणं आणि दोरी, कपाळावर घाम दिसेपर्यंत. मग उभ्यानेच पोटरी, मांडीची पुढची-मागची बाजू आणि जांघ, प्रत्येकी १५ सेकंद, एकदा; खाली बसायचं नाही. मग पाय झुलवणं, लंज, बाजूला सरकणं. त्यानंतर दोन मिनिटं ‘आपापलं’: लिबेरो खोल बैठक मारते, सेटर कंबर आणि खांदे मोकळे करते, मांडीवाली मुलगी तिला हवं ते करते. शेवटी उड्या, हलक्यापासून जोरात: चार ब्लॉक, मग पूर्ण धावत चार-पाच स्पाइक. एकूण चौदा मिनिटं. तीस मोजायचं स्ट्रेचिंग सराव संपल्यावर गेलं, पाच मिनिटांसाठी. घंटेआधी सहा मिनिटं खेळ थांबवायचा हे मी मान्य केलं.

सामन्याचा दिवस

तालुका स्पर्धा चवथीच्या आधी, एका बंदिस्त सभागृहात. आमचा सामना पावणेदहाला होता. नऊ वीसला वॉर्म-अप सुरू करून आम्ही नऊ चौतीसला तयार. आधीचा सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला, मग पाहुणे आले, मग पाहुण्यांचा सत्कार. शिट्टी वाजली दहा वीसला. छेचाळीस मिनिटं मुली बाकांवर, डोक्यावर मोठे पंखे. पहिला सेट १७-२५ हरलो. मिडल ब्लॉकरने पहिल्या पाच चेंडूंत दोनदा जाळी धरली.

नियमपुस्तकात सामन्याआधी जाळीवर सरावाला वेळ दिलेला असतो: आधी दुसरं कोर्ट मिळालं असेल तर दोन्ही संघांना मिळून ६ मिनिटं, नसेल तर १०. तालुका पातळीवर उशीर झाला की पहिली कात्री यालाच लागते. आम्हाला दोन मिनिटं मिळाली. सेटमधला ३ मिनिटांचा वेळ मात्र कोणी कापत नाही. त्या तीन मिनिटांत मी बोलणं बंद ठेवलं आणि सहाही जणींना बाजूला उड्या मारायला लावल्या. दुसरा सेट जिंकलो, तिसराही. हे उड्यांमुळे झालं की समोरच्या संघाची मुख्य हिटर दमली म्हणून, मला सांगता येणार नाही.

उपांत्य सामन्याआधी पुन्हा उशीर होणार हे दिसत होतं. या वेळी मुलींना पूर्ण वॉर्म-अप दिलं, कोरडे शर्ट आणि वर जॅकेट घालायला लावलं आणि बसू दिलं. भाई पंचांच्या टेबलाजवळ उभे राहिले. आधीच्या सामन्याचे शेवटचे सात-आठ गुण उरले की त्यांनी हात वर करायचा, असं ठरलं होतं. हात वर झाला, मुली बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या: दीड मिनिट दोरी, पाच ब्लॉक उड्या, तीन धावत उड्या. पहिला सेट २५-१९ जिंकलो. सामना मात्र हरलो. त्यांच्या दोन मुलींची सर्व्हिस आम्हाला शेवटपर्यंत उचलता आली नाही, आणि सर्व्हिस उचलण्याचा वॉर्म-अपशी काही संबंध नाही. उडीच्या नादात मी त्या महिन्यात सर्व्हिस उचलण्याचा सराव निम्म्यावर आणला होता, हा वेगळा हिशेब.

परिणाम

मोसमात आम्ही सहा सामने खेळलो, पहिला सेट चारदा जिंकलो. संघातल्या तिघी नव्या होत्या, समोरचे संघ वेगळे होते, म्हणून आदल्या वर्षाशी तुलना सैलच. मांडी कोणाचीही धरली नाही. घोटा एकीचा मुरगळला, जाळीखालून आलेल्या विरोधी मुलीच्या पायावर उतरल्यामुळे. बारा मुलींच्या एका मोसमावरून दुखापतींबद्दल काहीही बोलणं धाडसाचं आहे. मांडीवाल्या मुलीच्या आईलाही मी तेच सांगितलं. तिला ते फारसं पटलं नाही.

मोसम संपल्यावर आठ मुलींच्या उड्या नव्या क्रमानंतर पुन्हा मोजल्या. सरासरी ३०.१. आधीच्या मोजणीपेक्षा जास्त, पण तीन महिन्यांच्या सरावाने मुली बळकट झाल्याच असणार, त्यामुळे हा आकडा वॉर्म-अपच्या खात्यात टाकत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

चौथा प्रकार मी पहिल्याच दिवशी मोजणार. कुठल्याही गोष्टीवर दोष टाकण्याआधी, तेवढाच वेळ काहीच न करता घालवून पाहायचं. हे मला आधी सुचलं असतं तर बंदीची वेळ आली नसती.

चित्रं मोजणाऱ्याला त्या दिवशी कोणता प्रकार होता ते कळता कामा नये. आम्ही मोजायचो तेव्हा मला ते ठाऊक असायचं. पाय टेकल्याचं चित्र हे की पुढचं, अशी शंका आली की माझा हात नकळत मला हव्या त्या बाजूला झुकला असणार. मुलींनाही प्रकार माहीत होता, आणि सर काय सिद्ध करू पाहतात तेही. ते लपवणं शक्य नव्हतं. निदान माझी उत्सुकता लपवता आली असती.

बंदी घालण्याआधी प्रत्येक मुलीला विचारायला हवं होतं की तिला कुठे आखडल्यासारखं वाटतं. बारा प्रश्न, दहा मिनिटं. सायकलींच्या शेडमध्ये लपून स्ट्रेचिंग करणारी मुलगी ही माझ्या निर्णयाची सगळ्यात स्पष्ट पावती होती, आणि ती मला शिपायाने आणून दिली.

स्पर्धेच्या आयोजकांशी वेळेबद्दल आधी बोलायचं राहिलं. पुढच्या वर्षी जाळीवरच्या सरावाचा वेळ कापू नये, कापायचाच असेल तर सत्काराचा कापावा, असं पत्र शाळेतर्फे द्यायचं ठरलं आहे. भाईंनी ते लिहायला घेतलंय. पहिला मसुदा मी वाचला, त्यात सत्काराबद्दलचे दोन परिच्छेद काढायला लागतील.

लिबेरोचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आठ जणींत ती एकटीच जुन्या क्रमानंतर जास्त उंच उडाली होती, तीनही दिवस, सव्वा सेंटिमीटरने. ती म्हणते, बसून मोजताना तिचं मन शांत होतं. यंदा जूनमध्ये तिला पुन्हा मोजणार आहे, एकटीलाच, आणि या वेळी चित्रं मोजायला विज्ञानाच्या बाई बसतील.